दादाच्या दहाव्याला जुनी टीम

सांगली, रविवार, ८ डिसेंबर १९७४

आज दादाचा दहावा. त्याचा फुटबॉल संघ बंद पडून चार वर्षं झाली, तरी खेळाडू घाटावर आले. पिंडाला कावळा शिवेना. गोलकीपर सदा आता साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. तो हात जोडून म्हणाला, "दादा, टीम परत उभी करतो." तरी शिवेना. फलटणला ड्रिलमास्तर झालेला बाबू म्हणाला, "मॅनेजर हाय त्यो. आदी पळून दावा म्हनंल." शेवटी दर्भाचा कावळा केला. मनाला लागलं. का शिवला नसेल?

संध्याकाळी मैदानावरून घरी येत होतो. सगळे पायजमे दुमडून पळत होते. सदा धापा टाकत ओरडला, "आवं भाऊ, बगताय काय? एक गडी कमी हाय."

मी कधी चेंडूला पाय लावला नव्हता. चपला काढल्या.