धबधब्यावरून झालेलं भांडण

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

नव्या कवळीची सवय झाली का? मामींची कंबर कशी आहे? (हे पत्र मामींच्या हाती पडलं नाही तर बरं.) मी खुशाल आहे, म्हणजे ताप-खोकला काही नाही, तोंड दाखवायला जागा उरली नाही, एवढंच.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर तुम्हीच मला या सहलीच्या कचेरीत चिकटवलंत. खालच्या चष्म्याच्या दुकानातल्या मंडळींना पावसात डोंगरावर जायचं होतं, आणि तिथे काउंटरवर जी बसते तिच्यापायी (माझे डोळे ठणठणीत असूनही मी ते महिन्यात तीनदा तपासून घेतलेत) सगळी आखणी मी अंगावर घेतली. उतरायचं कुठे, हे तिनेच सुचवलं. पुढेही ती बरंच सांगत होती. पण बोलताना ती कपाळावरची बट मागे सारते, आणि मग मला काही म्हणता काही ऐकू येत नाही.

मालकांनी मला खोल्या बघायला पुढे धाडलं. पोचलो तेव्हा छत्री उलटी झालेली, बुटांत पाणी, आणि ज्या खिडकीतून म्हणे धबधबा दिसतो, तिच्यात नुसतं पांढरंफेक धुकं! तिला दाखवायचा धबधबाच गायब! माझं डोकं फिरलं. लॉजवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अहो, आवाज येतोय ना? तिथेच आहे तो." मी म्हणालो, "नुसतं ऐकायला आम्ही काय आंधळे आहोत?" मग त्यांना लबाड म्हणालो, आणि वर, डोळे तपासून घ्या, आमच्या कचेरीखालीच दुकान आहे, असंही सुनावलं. त्यांनी मला डोकं पुसायला टॉवेल दिला. मी तो भिरकावला. (त्यांच्या चहात पडावा असा हेतू नव्हता.)

तेव्हा त्यांनी फोन लावला. "वहिनी, दुकानाच्या सहलीला पोरीला पाठवू नका. नेणारा माणूस धड नाही."

मामा, ते तिचे सख्खे काका! हेच ती मला सांगत होती. काकांकडे उतरायचं म्हणूनच घरचे तिला सोडणार होते. मी पाया पडायला वाकलो तो ओल्या फरशीवर घसरलो, त्यामुळे तो नमस्कार धरला गेला की नाही, देव जाणे. "घरात मोठं कुणी आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी तुमचा नंबर दिला.

आता कचेरीत मागच्या जिन्याने जातो.

तुमचा (अजून म्हणवून घेणार असाल तर),
भाचा

ता. क. फोन आला तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाला, पण तिला येऊ द्या म्हणावं. मी नसलो तरी चालेल.

आणखी ता. क. आत्ता मागच्या जिन्यातच तिने गाठलं. काका तयार झालेत. मी मात्र नको. "तुझ्या मामांना पाठव म्हणालेत. त्यांना एकदा बघायचंच आहे," म्हणाली, हसली नाही. तेव्हा रविवारी तुम्ही जा. बसमध्ये माझी जागा तिच्या शेजारची आहे.

शेवटचा ता. क. काकांशी जरा जपून. माफी मागताना मी त्यांना सांगून बसलोय, की हा तापट स्वभाव मला तुमच्याकडून आला.