कासवाचा आवाज

लातूर, मे २०१६

प्रिय मलू,

ऊर्फ आमचे जिल्हाधिकारी! लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी तू जन्मलास, म्हणून अप्पांनी चिकटवलेलं हे नाव. तिकडे मस्कतला तुला या नावाने कोणी हाक मारत नसेल, म्हणून मीच मारते. इकडे बरं आहे म्हणावं असं काही नाही. रेल्वेने पाणी आलं, ते बघायला टीव्हीवाले आले, पुढाऱ्यांनी हार घालून घेतले. आपल्या नळाला मात्र नुसती फुसफुस. अव्वा भांडी राखेने कोरडीच घासते, आणि माझ्या हातून तांब्याभर पाणी सांडलं तर दूध सांडल्यासारखी बघते.

खरी बातमी वेगळीच आहे. आपली ‘मेघदुर्ग’ मालिका डीव्हीडीवर आली. चोरलेले ढग सोडवायला निघालेली ती पोरगी, ते उडते दगड, आणि तिला वाट दाखवणारं म्हातारं कासव, म्हणजे आपले अप्पा! आठवतं ना, आपण शाळेत असताना पुण्याचे ते कार्टूनवाले आडत बाजारात आले होते? तुरीचा सौदा पुकारणाऱ्या अप्पांचा आवाज ऐकून तिथेच थबकले आणि म्हणाले, आमचं कासव सापडलं. नवऱ्याला कासव म्हटलं म्हणून अव्वा फुगून बसली होती. पण रविवारी सकाळी टीव्हीवर ते कासव बोललं, “थांब की पोरी, घाई कशाला करायलीस?” तेव्हा पदराआड हसली कोण? तीच. पुढे तुझा आवाज फुटला तो हुबेहूब अप्पांचा, बापाचाच गळा लेकाला. तू मागून हाक मारलीस की ती गडबडून डोक्यावर पदर घ्यायची, आणि वळून बघितलं की तुझ्यावर लाटणं उगारायची.

अप्पा लिंगैक्य झाले आणि घरात त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. सौदा पुकारणाऱ्याचं बोलणं कोण टेप करून ठेवणार? म्हणून डीव्हीडी येणार हे कळल्यापासून अव्वा वाटेकडे डोळे लावून बसली होती. पुण्यतिथीलाच लावायची म्हणाली. सगळ्यांना आमंत्रणं गेली, हल्लीच्या रीतीप्रमाणे: या, पण आपापलं पाणी घेऊन या. शेजारच्या सरजाबाई, ईश्वरप्पा काका, सगळे काखेत बाटल्या मारून आले. अव्वाने डीव्हीडीच्या खोक्याला विभूती लावली आणि उजवा कान टीव्हीकडे करून अगदी पुढे बसली.

आणि कासव बोललं, “थांब बाळा, इतकी घाई कशाला करतेस?” कुणा तरुण माणसाचा घोटीव, गुळगुळीत आवाज. अप्पांचे शब्दसुद्धा ठेवले नाहीत रे त्यांनी. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, सगळे आवाज नव्याने भरलेत म्हणून. आम्ही पुढचं चित्र बघून हरखलो, मागची बाजू कोणी वाचली? सरजाबाई घाईघाईने म्हणाल्या, “आवाज लई गोड हाय की.” अव्वा म्हणाली, “गोड हाय. पण आपला न्हाई.” मग उठून ती कागदी प्लेटांत चिवडा भरायला लागली. मला रडू आवरेना, म्हणून मी टाकी बघायच्या निमित्ताने गच्चीवर गेले. टाकीत काय असणार होतं?

तेव्हापासून रोज दुपारी ती डीव्हीडी लावते, आवाज पूर्ण बंद करून. कासव आलं की तिचे ओठ हलतात. काल मला जवळ बसवून म्हणाली, “महानंदा, बोल सगळे याद हायेत गं. त्यांचा आवाजच आठवंना झालाय.”

मलू, अप्पा गेल्यावर तू पहिल्यांदा फोन केलास, ‘अव्वा’ म्हणालास, आणि तिच्या हातून फोनच पडला. संध्याकाळपर्यंत रडत होती. तेव्हापासून तू तिच्याशी बोलतच नाहीस, नुसते मेसेज पाठवतोस. तिला त्रास नको म्हणून, हे मला ठाऊक आहे. तुझे मेसेज मी तिला वाचून दाखवते, पण ते माझ्या आवाजात. तिचा डावा कान तर गेलेलाच होता. परवा डॉक्टर म्हणाले, उजवाही चाललाय, यंत्र लावूनही फारसा उपयोग व्हायचा नाही. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “जिल्हाधिकाऱ्यांना सांग, कान हाय तवर येऊन बोलून जा म्हणावं. मी रडले तर रडू द्या.” फोनवरचं आता तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून फोन नको. तू ये. बॅग दारातच ठेव, तिच्या उजव्या बाजूला बस, आणि अप्पांसारखं एकदा म्हण, “थांब की पोरी, घाई कशाला करायलीस?”

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
तुझीच,
अक्का