नस सापडली नाही तर

वरसे, रोहा
१९ जानेवारी २०२५

आदेशदादा,

नमस्कार. गागोद्याला सगळी बरी असाल. वालाला शेंगा धरल्या असतील. थंडीत आईचा गुडघा दुखतो, तिला तेल चोळायला वहिनीला सांग. नाहीतर तूच चोळ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. मी तज्ज्ञ डॉक्टरांच्या बोर्डाची परीक्षा पास झाले. लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांची. एमडीनंतर आणखी तीन वर्षं त्यात गेली. पहिल्या खेपेला तोंडी परीक्षेत नापास झाले होते, ते तुला कुणी सांगितलं नसेल. परीक्षकांनी विचारलं, "जुलाबांनी सुकलेलं मूल आहे, नस सापडत नाही. काय कराल?" उत्तर पाठ होतं. तरी तोंड उघडेना. समोर आपली मृणाली दिसत होती.

दादा, आठ वर्षं टाळलं ते आज लिहिते. त्या दिवशी पेणच्या दवाखान्यात तुझ्या लेकीच्या हातापायांत मी तीनदा सुई घातली, नस मिळाली नाही. मग तुला म्हटलं, पनवेलला नेऊ, इथे सोय नाही.

सोय होती. नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन देता येतं. ती सुई कपाटात होती. मी नवी डॉक्टर, ते फक्त पुस्तकात वाचलेलं. माझा हात धजला नाही. पनवेलच्या वाटेत, खारपाड्याच्या पुलाअलीकडे, वहिनीच्या मांडीवर ती गेली.

सुई घातली असती तर ती जगलीच असती, असं कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण मी भ्याले आणि वर खोटं बोलले. त्याबद्दल तुझी आणि वहिनीची माफी मागते.

तू मात्र चार माणसांत म्हणालास, "परत कुठल्या पोराला हात लावायचा नाय." ते मी ऐकलं नाही. पुढेही ऐकणार नाही.

मंगळवारी इथल्या दवाखान्यात निडी गावची एक बाई दीड वर्षाची मुलगी घेऊन आली. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली. नस नाहीच. मी नडगीत सुई घातली. या खेपेला हात थांबला नाही. आमच्या नर्स इंदुबाई सिरिंजने सलाईन ढकलत होत्या. अर्ध्या तासाने पोर रडायला लागली. तिची आई घाबरून म्हणाली, "रडते का गो ती?"

"रडू दे," मी म्हटलं.

मुंबईची नोकरी मी नाकारली. सख्खी भाची हिला वाचवता आली नाही, असं इथे लोक बोलतात. बोलू देत. एक तारखेला इथल्याच दवाखान्यावर माझ्या नावाची पाटी लागेल.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव. नाही दाखवलंस तर मी येऊन सांगेन. दार लावलंस तर अंगणात उभी राहून सांगेन.

तू मानलं नाहीस तरी तुझीच धाकटी बहीण,
डॉ. प्रणिता