कणाचे नामांतर

मानवत, दि. १४ मार्च १९९०

आयुष्मान सूर्यभान यास,

तुझ्या एकुलत्या मामाचा सप्रेम जयभीम. तू जमिनीखाली कुशल असशीलच. आम्ही पृष्ठभागावर यथातथा आहोत. माझा गुडघा दुखतो, परंतु बुद्धी शाबूत आहे (म्हणजे ती गुडघ्यात नव्हती, हे एकदाचे सिद्ध झाले).

गत रविवारी तुझ्या विवाहार्थ चुडाव्यास प्रस्थान केले. याआधीची दोन स्थळे 'खाण' हा शब्द ऐकूनच परतली, तेव्हा हे तिसरे हातचे जाऊ न देण्याचा माझा निर्धार होता. वधूपिता आश्रुबा हे रेल्वेत पार्सलबाबू. कन्या सत्यशीला विज्ञानाची पदवीधर. आणि घराचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे तिची आत्या पंचफुलाबाई, जिने विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चात लाठी खाल्ली व पंधरा दिवस तुरुंगात काढले. "पोरगा करतो काय?" या प्रश्नास मी, संस्कृत शिक्षकास शोभेल अशा प्रौढीने, तुझ्या पत्राधारे उत्तर दिले की, सोन्याच्या खाणीत कोसभर खाली उतरून तो सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नामक सूक्ष्मातिसूक्ष्म कण मोजतो. "सूर्याचं बघायचं तर माणूस माळवदावर जाईल. खाली कामून उतरायलाय?" पंचफुलाबाई म्हणाल्या. मी निवेदन केले की, बाकी सर्व काही पृथ्वी अडवते. या कणांस मात्र काहीच अडवत नाही (ते भिंतीतून, म्हशीतून, मुख्याध्यापकांतूनही आरपार जातात). अडचण इतकीच की, गणिताने तीन यावेत तेथे एकच सापडतो. आश्रुबा ताठ बसले. "तीन नग निघाले अन् एकच पोचला? मास्तर, चोर मधल्या टेशनावर हाय!"

येथे माझा घात झाला. कण चोरीस जात नाहीत, वाटेत त्यांचा प्रकार पालटतो, हे सांगायचे होते. ('जात बदलतात' हे शब्द ओठांवर आले होते, ते विवेकाने गिळले.) "बहुधा वाटेत कणांचे नामांतर होत असावे," असे मी उद्गारलो.

"झालं?" पंचफुलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. 'बहुधा' व 'कणांचे' ही माझी दोन्ही पदे हवेत विरली. अर्ध्या तासात अंगणात निम्मी वस्ती, दोन हलग्या आणि परातभर साखर. कोणीतरी मला हार घातला (सरकारी माणूस समजून असावा). हलग्या थांबवून मी खुलासा केला, की विद्यापीठाचे नव्हे, कणाचे. पंचफुलाबाई मटकन खाली बसल्या. "ठराव होऊन बारा वर्षं झाले. सरकारला जमंना, अन् त्या कणाला वाटंनं येता येता जमलं?" मी गळ्यातील हार सरळ केला.

तेव्हा चहा घेऊन आलेली सत्यशीला प्रथमच बोलली. "सर, कण बदलत असंल तर त्याला वजन असणार. बिनवजनी कणाला बदलताच येत न्हाई." (हे वाक्य तुझ्या पत्रातही होते, अनावश्यक समजून मी ते वगळले होते.) पंचफुलाबाईंनी भाचीकडे पाहिले, मग परातीकडे. "बरोबर हाय. वजन असल्याबिगर कोण नाव बदलू देतंय? किती हाय वजन?"

"अजून कोणाला घावलं न्हाई, आत्या."

"मग मोजा म्हणावं," असे म्हणून त्यांनी साखरेची परात फिरवायला सांगितली.

तुझा, हार अद्याप गळ्यात असलेला,
सटवाजी मामा

ता. क. : पंचफुलाबाईंचा होकार आहे, मात्र लग्न नामांतर झाल्यावरच. कोणते, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. विद्यापीठाचे माझ्या हाती नाही. कणाचे तुझ्या हाती आहे. तरी त्वरा करून तसा दाखला गोल शिक्क्यासह पाठवावा.

पुन्हा ता. क. : कणाचे नेमके काय होते, हे मला अद्याप उमगलेले नाही. सत्यशीलेस उमगले आहे. यापुढील खुलासे परस्पर तिलाच लिहावेत. तिच्या हस्ताक्षरातील पत्ता सोबत जोडला आहे. मी तो मागितला नव्हता.