दोराचं दुसरं टोक

माय, मी केनियात आहे. हा मुलूख कुठं आहे ते सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, तिथं पाणी हाय का? नाही, माय. विमानानं समुद्र ओलांडला आणि आपल्यासारख्याच कोरड्या नदीच्या काठी येऊन पडले. पुण्याच्या एका संस्थेबरोबर इथल्या खेड्यातल्या शाळेत फुकट शिकवायला आलेय. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून ही हौस. सकाळी मैदानात प्रार्थना, मग सहावीला गणित, दुपारी मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि राजमा. आमच्यातली तरुण मंडळी भिंतींवर जिराफ रंगवतात आणि पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात. मला सगळे टीचर म्हणतात. बरं चाललं होतं. पण कालपासून मला इथून पळून जावंसं वाटतंय, इतकी मी भ्यालेय.

शाळेचा हातपंप बिघडलाय, त्याचा सुटा भाग शहरातून यायचाय आणि येत नाही. आम्हा पाहुण्यांना पिण्याच्या बाटल्या खोक्यांनी येतात, पण एवढ्या पोरांचा राजमा त्यात शिजत नाही, म्हणून मोठ्या मुली पिवळे कॅन घेऊन नदीत जातात. एकदा मी सोबत गेले आणि झिरा पाहिला. वाळूत खणलेला खड्डा, माझ्या डोक्याहून खोल, तळाशी थोडं गढूळ पाणी. माझ्या वर्गातली एक पोर आत वाकलेली आणि बाकीच्या अगदी कडेला उभ्या राहून हसतायत. मी मराठीतच ओरडले, मागं सरका. त्या आणखी हसल्या. मग मी शाळेतून दोर आणवला, पोरीच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक धरून लांब बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मुख्याध्यापिकाबाई खूश झाल्या आणि रोज मुलींबरोबर जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

हे मी तुझंच पाहून शिकलेली. माझ्या लहानपणच्या त्या दुष्काळात उसाचं कांडं नव्हतं, कारखान्याचं धुराडं थंड, तिथल्या कँटीनमध्ये भाकरी थापायचं तुझं काम गेलेलं. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि आपल्या वस्तीची पाळी येईस्तोवर बादलीत गाळ यायचा. म्हणून तू नदीत झिरा खणलास. घरात सगळ्यांत हलकी मी, म्हणून आत मी. मी उतरतेय, वाळू पायाला गार लागतेय, वर ताटाएवढं आभाळ दिसतंय, कडेची बारीक वाळू मानेवर पडतेय. तांब्या तांब्यानं घागर भरते आणि दर वेळी विचारते, माय, वर हायस का? तू वरून खेकसतेस, गप भर. एकदा मी रडत वर आले, अर्धी घागर सांडलेली, तर पाठीत धपाटा घातलास. दोराचं एक टोक माझ्या कमरेला असायचं आणि दुसरं तुझ्या. चुलती तुला एकदा बोलली होती.

"येडी हायस का? ढासळलं तर दोघी बी जाताल. हातात धर की."

"मंग काय, एकलीला जाऊ देऊ?" तू म्हणालीस आणि गाठ आणखी आवळलीस.

सगळ्यांच्याच आया असं बांधतात, असं मला तेव्हा वाटायचं.

काल इथली कड ढासळली. फारसा आवाजही झाला नाही, एका बाजूची वाळू नुसती खाली बसली आणि ती पोर मांडीपर्यंत गाडली गेली. दोराला असा हिसका बसला की मी बसल्या जागेवरून झिऱ्याकडे ओढले गेले. मुली धावल्या, मला धरून त्यांनी दोर खेचला आणि पोर वर आली. कपडे झटकून हसलीसुद्धा. संध्याकाळी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आमच्यातल्या एकीनं तर माझा फोटो काढला, हातात दोर देऊन.

तुला एकटीला सांगते. दोर मी कमरेला बांधला नव्हता. हाताला दोन वेढे घेतले होते, झटकले की सुटतील असे, आणि ते मुद्दाम तसे घेतले होते. हिसका बसला तेव्हा ही पोर माझी कोण, असं मनात आलं. एक वेढा मी सोडवलाही होता. दुसरा सोडवायच्या आत मुली पोचल्या.

आज बाईंना म्हणाले, पोरींना पाठवू नका. त्यांनी विचारलं, मग चुलीवर काय ठेवू? मी गेले नाही तरी मुली जाणारच, दोराशिवाय. नवा झिरा खणून झालाय. उद्या पुन्हा तीच उतरणार, कारण तीच सगळ्यांत हलकी. मघाशी दाराशी येऊन विचारून गेली, टीचर, उद्या तुम्हीच धरणार ना? मी हो म्हणाले.

तू असतीस तरी हे पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकू नयेस. दोर माझ्या खोलीत आहे. ती गेल्यावर दार लावून कमरेला बांधून पाहिला. गाठ मारली, आणि सोडली.