सात विहिरींच्या सुतळ्या

४ ऑक्टोबर २००३, शनिवार

आजपासून संशोधन. पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं, साडेसातला उठलो. हरकत नाही. संशोधन हे घड्याळावर चालत नसतं.

नेट कॅफेत टोपॉलॉजीवरचा एक लेख सापडला. प्रिंटआउट घेतली. आकडे कितीही विस्कटलेले असोत, त्यांना एक आकार असतो, तो शोधायचा. सगळा नकाशा पाण्यात बुडालाय असं समजायचं आणि पाणी हळूहळू उतरवत जायचं. एक बेट वर येतं, मग दुसरं, मग ती एकमेकांत मिसळतात. वर आल्याबरोबर दुसऱ्यात मिसळून जातं ते बेट म्हणजे नॉइज. सोडून द्यायचं. जे खूप वेळ टिकतं ते खरं. अख्खं शास्त्र एवढ्यात आलं. कॉलेजात गणित शिकवून बावीस वर्षं फुकट घालवली असं वाटलं.

प्रभावतीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, गॅस संपलाय.

१२ ऑक्टोबर, रविवार

विषय पक्का: अंतरवाली सराटीच्या विहिरींची पाणीपातळी. गाव आमचंच, विहिरी पाठ, आणि मुख्य म्हणजे आई तिथंच असते. एकटी. तिला दिवसभर काम तरी काय?

काल मुद्दाम जाऊन आलो. परातीत गोटे मांडले, पाणी भरलं, वाटीनं उपसून दाखवलं. गोटे एकेक करून वर आले. आई म्हणाली, मंग त्यात काय झालं, गोटे व्हतेच की आधीपासनं. अशिक्षित माणसाला सांगणं अवघड.

पद्धत मात्र तिला लगेच कळली. दर शुक्रवारी सात विहिरींवर जायचं. सुतळीला दगड बांधून आत सोडायचा. पाण्याला टेकला की काठापाशी चिमटीत धरून वर ओढायचं आणि तिथं विळीनं कापायचं. जेवढी सुतळी तेवढं पाणी खोल. कुठली सुतळी कुठल्या विहिरीची हे कळावं म्हणून तिच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधायच्या. आमच्या परसातल्या विहिरीला तांबडी, सगळ्यांत लांबच्या, माळापलीकडच्या काकासाहेबांच्या विहिरीला हिरवी, मधल्या पाचांना पाच निराळ्या. शनिवारी सकाळच्या एस.टी.त कंडक्टरजवळ पुडकं द्यायचं. मी जालन्याच्या स्टँडवर घेऊन टेपनं मोजणार.

निघताना आईनं विचारलं, मंग तू कवा येशील? मी सांगितलं, डेटा घरबसल्या येतो, मला यावं लागत नाही, हीच तर या पद्धतीची खुबी. ती म्हणाली, बरं.

१८ ऑक्टोबर

पहिलं पुडकं. सात सुतळ्या, बरोबर. पण टोकं चिखलानं माखलेली, एकीला शेवाळ, दगड बांधल्याच्या गाठींचे पीळ तसेच. प्रभावतीनं डायनिंग टेबलवर ठेवू दिलं नाही. पुढच्या वेळी कंडक्टरजवळ निरोप द्यायचा: स्वच्छता पाळणे.

२५ ऑक्टोबर

दिवाळीला गावी जाणार होतो. पण प्रोग्राम लिहायचाय आणि सुट्टीत डिपार्टमेंटचा कॉम्प्युटर मोकळा असतो. नवं मोरपंखी लुगडं कंडक्टरबरोबर पाठवलं. आईचं पुडकं ऐन दिवाळीतही आलं. वर करंज्यांचा डबा, खाली सुतळ्या. कामाची शिस्त आमच्या घराण्यातच आहे.

सुट्टीत कॉम्प्युटर मोकळा होता. किल्ली डिपार्टमेंटच्याच नरहर सरांकडे होती. सर पुण्याला.

२९ नोव्हेंबर

पेपरची रोज दोन पानं लिहायची असा संकल्प महिन्यापूर्वी सोडला. आजवर शीर्षक झालं. इंग्रजीत फार भारदस्त दिसतं. नाताळात जाईन म्हणून आईला कळवलं.

२७ डिसेंबर

जाणं झालं नाही. थंडी.

१७ जानेवारी २००४, शनिवार

घात. पुडक्यात सहाच सुतळ्या. हिरवी नाही.

गावच्या चौकातल्या चहावाल्याकडे फोन आहे. आईला बोलवायला पोरगं धाडलं. ती यायला इतका उशीर की मी दोनदा फोन ठेवला आणि दोनदा लावला. आली ती धापा टाकतच. म्हणाली, गुडघा धरलाय रे, माळ चढवत न्हाई, दम लागून राह्यला. मी शांतपणे समजावलं. एक आकडा नसला तर नकाशाला भोक पडतं. भोक पडलं की सगळं मुसळ केरात. इतके महिने तू केलेलं वाया, मी केलेलं वाया. ती म्हणाली, तुझं काम अडाया नगं, पाठवते. मग म्हणाली, तिळगूळ ठिवलाय, येशील का? मी म्हणालो, औरंगाबादचा सेमिनार झाला की लगेच.

२४ जानेवारी

स्पष्ट बोलण्याचा फायदा होतो. सातच्या सात आल्या. हिरव्या सुतळीचं टोक तर एकदम स्वच्छ. चिखल नाही, शेवाळ नाही, दगडाच्या गाठीचा पीळसुद्धा नाही. आईच्या हाताला सफाई आली.

एक खटकलं. हिरवी चिंधी नेहमीची नाही, दिवाळीच्या मोरपंखी लुगड्याची आहे. चांगलं नवं लुगडं फाडलं. प्रभावती ती सुतळी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, तुम्ही एकदा जाऊन या. तिला प्रत्येक गोष्टीत भावना आणायची सवय आहे. येत्या रविवारी जातो म्हणालो.

२१ फेब्रुवारी

आज जे दिसलं ते तारखेसकट लिहून ठेवतो.

काकासाहेबांच्या विहिरीचं पाणी महिनाभर तसूभरही उतरलेलं नाही. यंदा सगळीकडे बोंब, आणि माळापलीकडे पाणी जागचं हलत नाही. आधी वाटलं योगायोग. पण तिच्या अलीकडच्या दोन विहिरीही आता थांबल्यात. म्हणजे एक बेट वर आलं, टिकलं आणि शेजाऱ्यांना पोटात घेत मोठं होतंय. लेखात जसं चित्र आहे हुबेहूब तसं. हा नॉइज नव्हे. माळाखाली पाण्याचा न आटणारा साठा आहे, आणि तो विहिरीत न डोकावता गणितानं शोधला.

नरहर सरांना नकाशा दाखवला. म्हणाले, धिरडं छान जमलंय. मत्सर.

१२ मार्च

काल औरंगाबादला सेमिनार. नवी सफारी. ट्रान्सपरन्सीवर बेट निळ्या स्केचपेननं रंगवलं होतं. प्रोजेक्टरच्या उजेडात ते जांभळं दिसलं, पण परिणाम झाला. टाळ्या बऱ्यापैकी.

शेवटी मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, मोजमाप कोण करतं? मी म्हणालो, फील्ड असिस्टंट. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः विहिरीत वाकून पाहिलंत का? मी म्हणालो, टोपॉलॉजीत विहिरीत वाकायची गरज पडत नाही. हशा पिकला. माझ्या बाजूनं, असं मला वाटतं. पेपर सेमिनारच्या पुस्तकात छापणार आहेत.

परतताना वाट वाकडी करून गावी जायचं मनात होतं, पण सफारीला घडी पडली असती.

३ एप्रिल

काकासाहेबांचा निरोप आला. विहिरीला संक्रांतीपासनं ठणठणाट हाय, बद्रीला म्हनावं कोनतं पानी सांगून राह्यला? तोंडी निरोप हा डेटा नव्हे. शिवाय विहिरीला पाणी आहे असं कोणता शेतकरी कबूल करतो?

साठा आता पार मारुतीच्या पारापर्यंत पसरलाय. सहा विहिरी स्थिर. फक्त आमच्या परसातली एकटी दर आठवड्याला खाली जाते. तिची तांबडी सुतळी लांबत चाललीय आणि टोकाला अजून चिखल असतो. सहांच्या विरुद्ध एकीचा पुरावा धरता येत नाही. नॉइज म्हणून नकाशातून काढून टाकली. नकाशा लगेच देखणा झाला.

पाडव्याला गावी गेलो नाही. आईनं साखरेची गाठी पाठवली होती, पुडक्यात. सुतळीचे तंतू चिकटले होते तिला.

८ मे

शेवटी आमची विहीरही थांबली. तांबडी सुतळी गेल्या आठवड्याइतकीच. टोक स्वच्छ. सातही विहिरी एका आकारात आल्या. माळापलीकडून निघालेला साठा आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला. आईला आता पाण्याची ददात राहणार नाही.

मी इतका आनंदलो की प्रभावतीला आईस्क्रीम खायला चल म्हणालो. तिनं सातही सुतळ्या हातात घेतल्या, टोकं बघितली आणि आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, मी उद्या जाते गावी. मी म्हणालो, एकटी कशाला, पुढच्या रविवारी दोघं जाऊ. 

१७ मे

प्रभावती आठ दिवस बोललेली नाही असं दिसतंय, कारण कालचा रविवारही त्यातच गेला.

५ जून, शनिवार

भुजंगचा फोन, कॉलेजवर. भुजंग म्हणजे माझा चुलत भाऊ, आईच्या शेजारी राहतो. म्हणाला, मोठीआई आथरुनावर हाय, जेवत न्हाई, तू ये. मी विचारलं, पुडकं पाठवलं का? पाठवलंय म्हणाला. म्हणजे फार काही नाही. भुजंगला तिखटमीठ लावायची सवय आहे. असं अधूनमधून व्हायचंच या वयात. वर येतं आणि मिसळून जातं.

पेपरचं प्रूफ सोमवारी पाठवायचंय. ते टाकलं की तडक स्टँड. मंगळवारी सकाळी नक्की.

प्रभावती दुपारच्या गाडीनं गेली. निघताना मला विचारलंसुद्धा नाही.

८ जून

आई गेली. रविवारी संध्याकाळी. प्रभावती जवळ होती.

मी काल पोचलो. प्रूफ टाकलं नाही.

२२ जून

तेरावा झाला. आज लिहायला बसलो कारण दुसरं काही सुचत नाही.

आईच्या खोलीत दाराआडच्या खुंटीवर सात सुतळ्या टांगलेल्या होत्या. चिंध्या ओळखीच्या. हिरवी चिंधीसुद्धा जुनी, नेहमीची, जी मला जानेवारीपासून दिसली नव्हती. भुजंग म्हणाला, ह्या मापाच्या हायेत. संक्रांतीनंतर मोठीआईला माळ चढवंना. पहिल्यांदी काकासाहेबाची विहीर सुटली, तवा तिनं आधीच्या वेळची लांबी ध्यानात ठिवून एक सुतळी कापली अन् खुंटीला अडकवली. मंग दर शुक्रवारी तिच्यावरनं तेवढीच कापायची. पुढं मधल्या दोन सुटल्या. मंग पारापल्याडच्या. मंग पाराजवळची. परसातल्या विहिरीवर मात्र ती भिंत धरधरून जायची, वैशाखापर्यंत. मंग ती बी सुटली. उंबऱ्यात बसून विळीवर सुतळ्या कापायची.

मी विचारलं, तू का नाही मोजून दिलंस? तो म्हणाला, म्या म्हनलं व्हतं, तिनं करू दिलं न्हाई. बद्रीनं मला सांगितलेलं काम हाय म्हनली. त्याला बोलू नगंस, त्याचं अडन.

दुपारी काकासाहेबांच्या विहिरीवर गेलो. वाकून पाहिलं. तळाला खडक, वाळलेला पाला आणि एका कोपऱ्यात पारव्यांची विष्ठा. काकासाहेब शेजारी उभे होते. माळ फार उंच नाही. मला दोनदा थांबावं लागलं.

रात्रंदिवस तो नकाशा डोळ्यांपुढं आहे. पाणी आमच्या घराकडे सरकत नव्हतं. आईचं चालणं घराकडे सरकत होतं. माळापलीकडून माळाअलीकडे, तिथून पारापर्यंत, पारापासून परसात, परसातून उंबऱ्यात. मी ते निळ्या स्केचपेननं रंगवून लोकांना दाखवलं. मी टाळ्या घेतल्या. एक तांबडी सुतळी तेवढी खरं सांगत होती, ती मी काढून टाकली.

मला आई हवी आहे. बाकी काही लिहिता येत नाही.

निघताना भुजंगनं माळ्यावरून एक गोणपाट उतरवलं. त्यात पुडकी. एकसारखी, प्रत्येकात सात सुतळ्या, प्रत्येक सुतळीला चिंधी. दिवाळीपर्यंत सहज पुरतील. बऱ्याच चिंध्या मोरपंखी. हात चालून राह्यलेत तवर कापून ठिवते म्हणाली व्हती, भुजंग म्हणाला, न्हाईतर बद्रीचं मधीच अडन. मग त्यानं विचारलं, हे तू संगं घेऊन जातो का? गाडीत जागा होती. पिशवीही रिकामी होती.

मी म्हणालो, नको. दर शनिवारी पाठवत जा.

१० जुलै, शनिवार

पाचला उठलो. संकल्प न करता.

पेपर मागे घेण्याचं पत्र लिहायला बसलो, दोन ओळी झाल्या. उद्या पुरं करतो. नरहर सर घरी येऊन गेले. कॉम्प्युटरची किल्ली ठेवून गेले.

स्टँडवर गेलो. कंडक्टरनं पुडकं दिलं. म्हणाला, मावशी लई दिवसांत गाडीवर आल्या न्हाईत, बऱ्या हायेत ना? मी म्हणालो, बरी आहे. पुडकं पाठवते ना.

भुजंगनं कळवलंय, परसातल्या विहिरीला पाणी चढलंय, बादली हातानं बुडते.

घरी आलो. प्रभावतीनं डायनिंग टेबल पुसून दिलं. टेप काढला आणि सातही सुतळ्या एकेक करून मोजल्या. टोकं स्वच्छ. वहीत आकडे उतरवले. मागच्या शनिवारइतकेच आहेत. कुठंच फरक नाही.