दादाने दिलेली पिकअप

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकूनच करायचा होता, पण कंबर अशी धरली आहे की वाकले तर उठवायला तुलाच यावं लागेल, तेव्हा हा उभ्यानेच घे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खुशाल कोणीही नाही आणि त्याला कारण तू आहेस.

फोनच करणार होते. पण मी रागवायला लागले की तू "आवाज तुटतोय, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतोस. (तुमच्याकडे आवाज कधीच तुटत नाही, वहिनीने मला सांगितलंय.) कागदाचा आवाज तुटत नाही. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

विषय तुझ्या पिकअपचा. कागदोपत्री ती आमची असली तरी मी तुझीच म्हणणार, कारण तिचे सगळे गुण तुझे आहेत. सकाळी लवकर उठत नाही, चढ आला की कुरकुरते आणि चारचौघांत नेमकी मान टाकते. आमचं गाद्यांचं दुकान नवीन होतं, तेव्हा तू ती दारात आणून उभी केलीस, किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि म्हणालास, "पोरीसारखी सांभाळलीय." मला भरून आलं. (तेव्हा डोळे पुसत बसण्याऐवजी खाली वाकून तिच्या पोटाकडे बघितलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. तेव्हा वाकताही येत होतं.) मग एक पाय बाहेर ठेवून, चप्पल शोधल्यासारखं करत तू सांगितलंस की डावीकडचं दार आतून उघडत नाही, काच खाली करून हात बाहेर काढून उघडायचं. आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपला आपण वाजतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. आम्ही लक्ष दिलं नाही. गावाला वाटतं, काय जपून वळतात ही माणसं! हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय आणि त्याचा एक स्क्रूसुद्धा आता कुठे मिळत नाही, एवढं मात्र सांगायचं तुझ्याकडून राहून गेलं. चप्पल सापडली असावी.

ह्यांना काही बोलायची सोय नाही. तुझी पिकअप म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. माझ्या वाढदिवसाला ह्यांनी तिला सीट कव्हर आणलं.

तर झालं असं. मुलींच्या होस्टेलची मोठी ऑर्डर मिळाली. सगळ्या खोल्यांच्या गाद्या आणि उशा. दुकान काढल्यापासून एवढं काम एकगठ्ठा कधी आलं नव्हतं. रेक्टरबाई कडक आहेत. मुली राहायला येण्याआधी सगळा माल स्वच्छ आणि कोरा पोचला पाहिजे, नाहीतर चौकातल्या फोमवाल्याकडे जाईन, असं त्यांनी पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं. (हसत सांगणाऱ्या बायकांची मला जास्त भीती वाटते.) आणि फोमवाल्याला तू ओळखतोस. आमच्या दुकानावरून जाताना तो कापसाच्या नावाने शिंकतो.

पहिली खेप घेऊन आम्ही निघालो. गाद्या टपाच्याही वर गेलेल्या, वरून दोर. बाजाराच्या पलीकडे गल्ली अरुंद होते तिथे समोरून बस आली. वाट द्यायला ह्यांनी रिव्हर्स टाकला. बस गेली, रिव्हर्स गेला नाही. ह्यांनी दांडा हलवला, मी हलवला, बसला हात करायला थांबलेल्या एका गृहस्थांनी आत येऊन हलवला. गाडी मागे जायला तयार, पुढे जायला नाही. मी म्हटलं, क्रेनवाल्याला बोलवा. तर हे म्हणतात, "चालतेय ना? मग चालू दे."

आणि दादा, आम्ही तसे परत आलो. बाजारातून. उलटे. मागे गाद्यांची भिंत, ह्यांना आरशात फक्त गाद्यांची खोळ दिसणार, म्हणून मी उतरून गाडीच्या मागे, म्हणजे पुढे, म्हणजे जिकडे ती चालली होती तिकडे, हात हलवत चालत होते. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या दोन पावलं पुढे असावं अशी माझी इच्छा होती, पण ती अशी पुरी व्हायला नको होती. घड्याळवाला दुकानाबाहेर येऊन म्हणाला, "ताई, माल परत आला का?" भाजीवाली म्हणाली, "अहो, गाडी नाही, बाईच ओढतायत!" शाळेतल्या मुलांनी तर टाळ्या वाजवल्या. उलट जाताना डावीकडे वळलं तरी हॉर्न वाजतो, ही माहिती तुझ्याकडे नसेल तर लिहून ठेव.

गाडी तशीच गॅरेजात नेली, तिथे मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला. आत दोन बोटांचा एक लोखंडी तुकडा असतो, फोर्क म्हणतात. तो गिअरला धरून इकडून तिकडे सरकवतो. त्याचं एक बोट मोडलेलं. मिस्त्रींनी वेल्डिंग करून दिलं, गाडी गॅरेजच्या फाटकापर्यंत आली आणि तिथे पुन्हा तेच. मग हे जुन्या बाजारात गेले. तिथल्या एकाने दुसऱ्याच गाडीचा फोर्क दिला, म्हणाला, "थोडा घासला की बसेल." मिस्त्रींनी थोडा घासला, मग आणखी थोडा, आणि शेवटी घासण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "आठ दिवसांत मिळवून देतो." ह्या शहरात आठ दिवस म्हणजे नेमका किती काळ, हे मला अजून कळलेलं नाही.

तोवर भाड्याचा टेम्पो केला. टेम्पोवाल्याने आदल्या दिवशी सिमेंट वाहिलं होतं हे त्याने सांगितलं नाही, पांढऱ्या गाद्यांनी सांगितलं. रेक्टरबाईंनी एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळी खेप परत पाठवली. हसत. त्या खोळी मी हाताने शिवल्या होत्या रे. रात्रंदिवस टाके घालून माझी ही कंबर गेली आणि सगळं वाया गेलं, त्या टेम्पोवाल्याच्या एका झाडूअभावी. वर तो मलाच म्हणतो, "बाई, गाद्या काळ्या का नाही शिवत?"

मग मिस्त्रींनी काकूंचं नाव काढलं. (नाव म्हणजे पत्ता. सगळे मिस्त्री त्यांना फक्त काकू म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात.) काकूंनी आयुष्यभर ह्याच मॉडेलची पिकअप चालवली, घरोघर गॅसची सिलिंडरं पोचवली, स्वतः उचलून. गाडी संपली तेव्हा भंगारात घातली नाही. स्वतःच्या हाताने सुटी केली आणि घरात ठेवली. मिस्त्री म्हणाले, "त्यांच्याकडे फोर्क आहे. पण त्या विकत नाहीत. पटलं तर देतात." काय पटायचं असतं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आम्ही गेलो. दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंगावर सगळे पार्ट जुन्या चादरींत गुंडाळून, तेल लावून, ओळीने निजवलेले. स्वतः काकू जमिनीवर झोपतात. आम्हाला चहा दिला आणि चौकशी सुरू. उन्हात उभी करता की सावलीत? धुतं कोण? सुरू झाल्यावर लगेच पळवता की जरा थांबता? हे शाळेतल्या हुशार मुलासारखे पटापटा उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "हाक काय मारता तिला?" हे म्हणाले, "नाव असं नाही, पण सकाळी सुरू झाली नाही की ही तिला बरंच काही म्हणते." (घरचा माणूस हा.) काकू माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, काकू, ते लोखंड आहे, मला गाद्या पोचवायच्या आहेत. त्या म्हणाल्या, "लोखंडच हवं असेल तर भंगारवाले आहेत की."

इथपर्यंतही निभावलं असतं. पण दादा, त्यांची गादी! जमिनीवर गुंडाळून ठेवलेली, मी बसल्या जागेवरून बघत होते. कापूस चारी कोपऱ्यांत पळालेला, मधे नुसती खोळ, टाके तुटलेले. ह्या वयाची बाई रोज त्याच्यावर पाठ टेकते. तू पाण्याचा पंप चुकीचा आवाज करताना ऐकलास तर दुसऱ्याच्या घरातही उठून बघतोसच ना? माझंही तेच होतं. मी म्हटलं, काकू, ही गादी द्या माझ्याकडे, पिंजून नवी करून आणते, काही देऊ नका. संपलं. त्या उठल्या. "लाच देतेस?" लाच! मी! गादीची लाच! गादी बघून जीव कळवळला म्हणून बोलले, तर मी लाचखाऊ. नाही, लाचदेऊ. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सरकारी माणसाच्या खिशात मीच नोट सरकवली. मीही ऐकून घेतलं नाही. म्हटलं, पलंगावर गिअर आणि जमिनीवर माणूस, ह्याला प्रेम म्हणत नाहीत. त्यांनी दार लावलं.

तेव्हा आता शांतपणे लिहिते. (शांत नाही, पण अक्षर नीट काढते आहे.) मला खरं खरं वाटतं ते हे, की भंगारवाल्याने नको म्हटलं म्हणून तू ती गाडी मला दिलीस. बहीण म्हणजे दुसरा भंगारवाला. पहिल्याने निदान नको तरी म्हटलं. येऊन तुझी पोरगी परत घेऊन जा. डावीकडचं दार, हॉर्न, सीट कव्हर, सगळ्यासकट. उलटी नेलीस तरी चालेल.

वहिनीला आठवण. तिला म्हणावं, खोकला अंगावर काढू नको.

तुझी,
धाकटी

ता. क. काकूंनी दार लावलं असं वर लिहिलं आहे ते खरं, पण पूर्ण लावलं नाही. फटीतून म्हणाल्या, "गाडी हिला दिली कुणी?" मी म्हटलं, भावाने. म्हणाल्या, "त्याला आण. त्याला एकच विचारीन. गाडीचे कसे हाल होणार ते आधी माहीत असतं, तरी पुन्हा हिलाच दिली असतीस का? मग बघू." तेव्हा गाडी न्यायला नको, पण ये. रेक्टरबाई अजून थांबल्या आहेत, होस्टेलच्या मुली आठवड्याभरात येतील. गुडघ्याला पट्टा बांध, बसमध्ये पुढची जागा घे. तिकीट माझ्याकडे लागलं.

ता. क. २. काकूंकडे गादीचा विषय अजिबात काढू नकोस. मात्र त्यांचं लक्ष नसताना तिची लांबी-रुंदी नजरेने घेऊन ठेव. लाच नव्हे. पार्ट देवोत न देवोत, ती गादी मला झोपू देत नाही.

ता. क. ३. त्या तुला एकट्यालाच आत बोलावणार आहेत, मी बाहेर बसेन. खोटं बोलू नकोस, त्यांना कळतं. आत काय म्हणालास ते मला सांगायची गरज नाही. हातात फोर्क घेऊन बाहेर आलास तर मला कळेलच. आणि रिकाम्या हाताने आलास, तर आपण दोघं गुपचूप बसने घरी येऊ, जेवू, आणि मी एक अक्षर विचारणार नाही. (विचारीन.)